तीन दिवसांची खोली

वहिनी, काल तुमचं तेरावं झालं. कल्याणची मंडळी आज सकाळच्या गाडीनं परत गेली, भांडी घासून पालथी घातली, आणि मला तुमच्याशी बोलायला सवड झाली. हे तेरा दिवस जो तो एकच म्हणत होता, ‘सवाष्ण गेली, सोनं झालं.’ कपाळाला कुंकू, हातात चुडा, मुलं जवळ. खोटं नाही ते. मीही मान डोलावली. पण मनात सारखं येत होतं, ह्यांपैकी कुणाला तुमची ती दोन वर्षं आठवतात की नाही? आठवत असली तरी कुणी बोललं नाही. मी बोलणार आहे. तुम्ही रागवाल. पण रागवायला तुम्हाला इथं यावं लागेल, आणि आलात तर मला ते हवंच आहे.

तुम्ही मला ‘चौकशी मामलेदार’ म्हणायचात. मी दहा वर्षांची धाकटी सून होऊन ठाण्याच्या ह्या घरात आले, तेव्हा तुम्ही, माझ्या थोरल्या जाऊबाई, एकोणीस वर्षांच्या. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, की तुळशीला प्रदक्षिणा उजवीकडूनच का घालायची? तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणालात, ‘अगं द्वारके, हे सासूबाईंना विचारलंस तर तुलाच फिरत ठेवतील संध्याकाळपर्यंत.’ त्या दिवशी मी माहेर सोडल्यावर पहिल्यांदा हसले.

आपली खरी ओळख मात्र झाली ती बाजूच्या खोलीत. न्हाणीला लागून असलेली, एका झरोक्याची ती खोली. महिन्याचे तीन दिवस जी बाजूला बसेल तिनं तिथं राहायचं. चुलीपाशी जायचं नाही, देवापाशी नाही, पाण्याच्या हंड्याला हात नाही. ताट लांबून सरकवलेलं. निजायला एक कांबळं, तेही टोचणारं. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि माझ्या पाठीत कळ उठायची. त्या खोलीचे गोडवे मी गाणार नाही. पण कधी कधी आपले दोघींचे दिवस एकत्र यायचे, आणि मग आपण आत जाऊन दार लोटून घेतलं की तुम्ही पाय लांब करायचात, हुश्श करायचात आणि म्हणायचात, ‘पुरुषांना कचेरीचा रविवार, आपल्याला हा. त्यांच्या रविवारी कुणी नाक मुरडत नाही, एवढाच काय तो फरक.’

इकडून मला अक्षरं शिकवणं झालं होतं, गुपचूप. ती मी तुम्हाला शिकवली त्या खोलीत, कोळशानं, भिंतीवर. पोथीला विटाळ होतो, कोळशाला कसला व्हायचा? तुमचं पहिलं धड वाक्य मला अजून दिसतं. ‘सासूबाई झोपल्या.’ वाकडं, उतरतं, पण एकही काना चुकलेला नाही. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तरी आपण घाबरून ते शेणानं सारवून टाकलं होतं. चौथ्या दिवशी त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘एवढंच सारवलंत होय गं? बाकीची भिंत कुणाची?’

मग तुमचं थांबलं. चाळिशी उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आधी दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी, मग नाहीच. सासूबाईंना केवढा आनंद! ‘सुटलीस गं बाई. आता बारा महिने सोवळ्यात,’ असं म्हणून त्यांनी देवघर तुमच्या हवाली केलं. नैवेद्याचा स्वयंपाक तुमचा, श्राद्धपक्ष तुमचा, अखंड तेवणारा नंदादीप तुमचा. घरात हा केवढा मान! मला हेवासुद्धा वाटला. तीनशेसाठ दिवस ओलेत्यानं स्वयंपाक करायचा हाही एक मानच, हे माझ्या ध्यानात यायला पुढं सहा महिने जावे लागले.

पहिल्यांदा काय दिसलं मला? तुमचं हसणं कमी झालं, असं सगळे नंतर म्हणाले. मला दिसलं ते वेगळंच. तुम्ही नकला करायच्या थांबलात. भटजींची शिंक, भावोजींची, तुमच्याच यजमानांची, कचेरीतून आल्यावरची खाकरणी, सासूबाईंचं ‘एवढंच सारवलंत होय गं’, सगळं बंद झालं. भर थंडीत तुम्ही चुलीपासून लांब असताना घामानं डबडबायचात, पदरानं तोंड पुसायचात, पुन्हा काकडायचात. पहाटे डोळे लाल. तांदूळ निवडता निवडता हात थांबायचा आणि सुपात टपकन पाणी पडायचं. आमटीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही, आणि सासूबाई म्हणाल्या, थोरलीचं लक्ष कुठं असतं हल्ली?

आणि तो विहिरीवरचा दिवस. उन्हं चांगली वर आली होती. तुम्ही दोर हातात धरून उभ्या होतात, आणि खाली पोहरा केव्हाचा भरून बुडालेला होता. तुम्ही ओढत नव्हतात. मी हाक मारली तरी नाही. मी जवळ आले, दोराला हात घातला, आपण दोघींनी मिळून तो वर ओढला. मी विचारलं, ‘वहिनी, काय झालं?’ तुम्ही म्हणालात, ‘काही नाही गं. काहीतरी झालं असतं तर बरं वाटलं असतं.’ वहिनी, मी आजवर पुष्कळ जणींचं रडणं ऐकलं. नवरा गेला, मूल गेलं, माहेर तुटलं. पण ह्या एका वाक्याइतकं मी कशालाही भ्यायले नाही.

मग सगळ्यांनी आपापलं निदान काढलं. सासूबाई म्हणाल्या, विहिरीवर भर दुपारी काहीतरी लागलंय. भावोजी तुम्हाला कल्याणच्या वैद्यबुवांकडे घेऊन निघाले आणि सोबतीला मी. मुंब्र्याच्या अलीकडे गाडी बोगद्यात शिरली, डबा काळाकुट्ट झाला, आणि तुम्ही माझा हात घट्ट धरून कानाशी म्हणालात, ‘इथंच थांबली तर बरं. कुणाला तोंड दाखवायला नको.’ बाहेर आलो तर तुमचा चेहरा नेहमीसारखा शांत. वैद्यबुवांनी नाडी पाहिली तुमची आणि प्रश्न विचारले भावोजींना. झोप लागते का? भावोजी म्हणाले, चांगली लागते. लागतच होती, त्यांना! मी दाराआडून खाकरले, पण दाराआडच्या खाकरण्याला कोण विचारतो? वाताचा प्रकोप ठरला, काढा मिळाला. तो तुम्ही इमानानं घेतलात आणि त्यानं तोंड तेवढं कडू झालं.

काढ्यानं उतार पडेना, तेव्हा खाडीपलीकडच्या देवस्थानाचं निघालं. तिथं एक भगत होता. अमावास्येला बाधा झालेल्या बायकांना तिथं बसवायचे. मिरच्यांची धुरी, निंबाचे फोक, आणि ‘बोल, कोण आहेस’ असं विचारत राहायचं, जोवर बाई काहीतरी बोलत नाही तोवर. एक अमावास्या पुरली नाही तर पुढच्या अमावास्येपर्यंत तिथंच ठेवायची. भावोजी वाईट नव्हते, वहिनी, हे तुम्हीही म्हणायचात. ते घाबरले होते. पण त्या देवस्थानाहून परत आलेली एक बाई मी आमच्या माहेरच्या गल्लीत पाहिली होती. ती बाधेतून सुटली होती म्हणे. पुढं ती जन्मभर कुणी हात वर केला की तोंड झाकून घ्यायची. तुम्हाला तिथं जाऊ द्यायचं नाही एवढं मी ठरवलं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं. हाताशी उणेपुरे वीस दिवस होते.

माझ्या डोक्यात एक विचार घोळत होता. तुमचं जे बिनसलं ते खोली सुटल्यापासून. पंचवीसतीस वर्षं महिन्याला तीन दिवस ज्या बाईनं पाय लांब केले, तिचे ते तीन दिवस एका फटक्यात गेले, आणि वर मान म्हणून कामं वाढली. मन विटेल नाही तर काय? मला तर ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ वाटत होतं. पण चौकशी मामलेदारानं एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो. म्हणून मी बायकांना विचारत सुटले.

मागच्या दाराशी मीठ घेऊन यायची ती चांगुणा आठवते? माजिवड्याची, मिठागरावर राबणारी, काटक, कुंपणापलीकडून मोठ्यानं बोलणारी. तिला मी विचारलं, तुझं थांबलं तेव्हा तुला काही झालं होतं का गं? ती टोपली खाली ठेवून हसली.

‘का गो बाय, कोनाचा थांबला? मोठ्या बायचा? मना वाटलाच. मना पन जालता. दोन पावसाले. कोनाशी बोलावसा वाटं नाय, अन्न गोड लागं नाय. आंगातशी आग निंगं, न् उगीच रडू येई.’

‘मग काय केलंस?’

‘काय करनार? मिठागरान गेले. रडत गेले, रडत आले. मंग एक दिस रडू आलाच नाय.’

‘पण असं होतं कशानं?’

‘भरतीचा पानी येयाचा थांबला का खाडीकाठचा खाजन कसा दिसतो? तसा. पानी गेला म्हनून जमीन मेली नाय. तिला सवय व्हायाला टाइम लागतो.’

मी तिला मिठाच्या पैशांबरोबर घरातला गूळ दिला आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले. कारण चांगुणेनं माझ्या स्वच्छ सूर्यप्रकाशावर झाकण घातलं होतं. तिच्या घरी कसली आलीय बाजूची खोली? तिला आयुष्यात तीन दिवसांची विश्रांती कधी मिळालीच नव्हती, मग ती जायची कुठून? तरी तिलाही तेच झालं होतं. म्हणजे हे खोलीचं नव्हतं, निदान सगळं खोलीचं नव्हतं. अंगातलंच काहीतरी ओसरत असलं पाहिजे. रक्त नव्हे, रक्ताच्या सोबतीनं येणारं दुसरंच काही, ज्याला वैद्यबुवांच्या पोथीत नाव नाही आणि जे मनालाही धरून ठेवतं. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा कितीतरी दिवसांनी तुमच्या डोळ्यांत जरा जीव आला. ‘म्हणजे मी वेडी नाही?’ ‘नाही.’ ‘आणि बाधा?’ ‘नाही. ओहोटी.’ तुम्ही म्हणालात, ‘हे तू तुझ्या भावोजींना सांगशील?’ मोठ्या दिरापुढं उभं राहून मी असल्या गोष्टी बोलणार होते थोडीच!

तेव्हा मला सुचलं. अमावास्येच्या आदल्या दिवशी तुम्ही बाजूला बसायचं. पुन्हा सुरू झालं म्हणायचं. जाता जाता मधूनच परत येतं, हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. आणि बाजूला बसलेल्या बाईला देवस्थानात कोण नेणार?

तुम्ही किती भांडलात माझ्याशी! ‘देवाशी खोटं बोलू?’ मी म्हटलं, ‘विटाळ असून लपवला तर पाप. नसताना पाळला तर कसलं? एकादशीला उपास सांगितलाय, एखादीनं दशमीलाही केला तर देव रागावतो का?’ तुम्ही म्हणालात, ‘तू वकिलाच्या घरी पडायला हवी होतीस.’ पण हसलात थोड्या. आणि आदल्या दिवशी सकाळी पदर सावरून कांबळं काखोटीला मारलंत आणि खोलीत जाऊन बसलात.

भावोजींनी भगताकडे निरोप पाठवला, पुढच्या अमावास्येला येतो. मी मनातल्या मनात लाडू वाटले. आणि नेमकं अमावास्येच्या सकाळीच सगळं फिसकटलं. सासूबाई विहिरीवर अंघोळीला गेल्या होत्या. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तुमच्या खोलीच्या दारातून समोर देवघर दिसतं. वारा सुटला होता, आणि नंदादीप तडतडायला लागला. तो विझणं म्हणजे घरावर संकट, आणि त्याची राखण वर्षभर तुमच्याकडे. तुमच्या हाताला ती इतकी सवय झालेली, की तुम्ही विचारही केला नाही. उठलात, धावलात, देवघरात शिरलात, तेल ओतलंत आणि बोटानं वात पुढं सारलीत. मागं वळलात तर दारात सासूबाई, ओलेत्या, हातात तांब्या.

माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. खरीखुरी बाजूला बसलेली बाई देवघरात शिरली असती तर घरात काय कल्लोळ झाला असता हे मी काय सांगू? देव उचलून पंचगव्यानं न्हाऊ घालायचे, सगळं घर गोमूत्रानं शिंपायचं, सासूबाईंना पुन्हा अंघोळ, तुम्हाला प्रायश्चित्त. आणि खोटं उघडं पडलं असतं तर त्याहून वाईट. ह्याच सासूबाई बाजूला बसलेलीच्या पदराचा वारा लागला तरी पुन्हा न्हायच्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. तुमच्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, ‘वात अजून जरा पुढं सार. काजळी धरलीय.’ मग सोवळं नेसायला निघून गेल्या.

आपण दुपारपर्यंत वाट पाहिली. गोमूत्राचा थेंब शिंपडला गेला नाही. तुम्ही म्हणालात, ‘त्यांना दिसलं नसेल.’ मी म्हटलं, ‘त्यांना सुईचं नेढं दिसत नाही, पण विटाळ तीन घरांवरून दिसतो.’ त्यांना कळलं होतं, वहिनी. विटाळ नव्हताच म्हणून शिंपायचंही काही नव्हतं, एवढं त्यांनी त्या एका क्षणात जाणलं होतं. आणि पुढच्या महिन्यात अमावास्येच्या आदल्या दिवशी आपल्याला काही म्हणावं लागलं नाही. सासूबाईच सकाळी चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘थोरले, तुझे दिवस ना गं आज? मग इथं काय करतेस? ऊठ.’

असं किती महिने चाललं, ते खोलीच्या दारामागं मी कोळशानं ओढलेल्या रेघांवरून कळतं. जितक्या अमावास्या, तितक्या रेघा. एकदा भावोजींनी विचारलंच, ‘दर अमावास्येलाच कसं?’ तर सासूबाई म्हणाल्या, ‘बायकांच्या गोष्टीत पुरुषांनी पंचांग काढू नये.’ त्यानंतर भगताचं नाव हळूहळू मागं पडलं. तुम्ही महिन्याला तीन दिवस निजलात. नुसत्या निजलात. मी ताट सरकवायची आणि तुमचा श्वास ऐकत उभी राहायची.

बाविसाव्या रेघेच्या महिन्यात मी ताट घेऊन आले तर आतून भावोजींची खाकरणी ऐकू आली. मी दचकून मागं सरले. आत भावोजी कुठले? तुम्ही होतात. माझ्या हातातलं ताट कलंडलं आणि आमटी माझ्या पायावर सांडली, आणि मी तिथंच उभी राहून रडले. तुम्ही आतून म्हणालात, ‘अगं, नक्कल इतकी का वाईट झाली?’

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, ‘पाहिलंत? तीन दिवस परत मिळाले आणि तुम्ही परत आलात.’ तुम्ही म्हणायचात, ‘मोठी आली मामलेदार! चांगुणेनं दोन पावसाळे म्हटले होते, आणि मोज की, दोनच झाले. जे आपलंआपण जायचं ते गेलं. तुझ्या खोलीनं काय केलं?’ मी म्हणायची, ‘मग तिथं निजत कशाला होतात?’ तुम्ही म्हणायचात, ‘झोप येत होती म्हणून.’ दिवाळीत चकल्या तळताना, पापड लाटताना, हा वाद आपण किती वेळा घातला असेल! दोघींनाही ठाऊक होतं की तो मिटणारा नाही. एकाच बाईला एकदा खोली देऊन आणि एकदा न देऊन पाहता येत नाही ना! मला तर आता असं वाटतं, की दोन्ही खरं असेल. अंगातली ओहोटी खरी, आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या माणसाला कुणी हलवू नये हेही खरं. पण तुम्ही हे कबूल केलं नसतंत. तुम्हाला वाद हवा होता, आणि मला तुम्ही.

एक मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायचं होतं. चार महिने झाले, माझंही थांबलंय. तुम्हाला ताप आला त्याच आठवड्यात सांगणार होते. म्हटलं, ताप उतरू दे, मग निवांत बसून सांगू, म्हणजे तुम्ही आधी चिडवाल आणि मग शहाणपणा शिकवाल. चार दिवसांत सगळं आटोपलं. काल भावोजी, तुमचे हो, भिंतीकडे बघत पुटपुटले, ‘तेव्हा ती कशानं बरी झाली होती, कुणास ठाऊक.’ मलाच विचारत होते. मी म्हटलं, ‘देवाची कृपा.’ मला लाज वाटली. तो प्रश्न त्यांनी आठ वर्षं मनात ठेवला होता, आणि मी तो देवाच्या गळ्यात बांधून मोकळी झाले.

आणि आज सकाळी, पाहुणे गेल्यावर, मी विहिरीवर गेले. पोहरा सोडला. पोहरा भरला. मग मला वर ओढावासा वाटेना. दुःखानं म्हणावं तर तसंही नव्हतं. तेरा दिवस मी तुमच्यासाठी रडले, ते रडणं ओळखीचं होतं. हे ओळखीचं नव्हतं. अंगातून एक आग उठली, कानशिलांवरून खाली आली, आणि मागं काही उरलंच नाही. मी दोर धरून उभी. आणि त्यातही, वहिनी, माझ्यातला मामलेदार जागा होता. तो म्हणत होता, अच्छा, हे असं असतं होय?

‘द्वारके.’

ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. जपमाळ घेऊन खांबाला टेकून असतात. ‘पोहरा वर आल्याचा आवाज नाही आला.’

मी ओढला. पाणी हंड्यात ओतलं. त्यांच्यासमोरून आत निघाले तर त्या म्हणाल्या, ‘कांबळं घे आणि बाजूला बस तीन दिवस.’

‘सासूबाई, माझं तर चार महिन्यांपूर्वीच...’

‘मी विचारलं का?’

म्हणून मी हे त्याच खोलीत बसून लिहिते आहे. दारामागं तुमच्या रेघा अजून आहेत, पुसट झालेल्या. त्यांच्याखाली मी माझी पहिली ओढली. तुमचं खरं की माझं, ह्याची आता दोन पावसाळ्यांत परीक्षा होईल. बरी झाले की सांगायचं कुणाला, हे मात्र कळत नाही. वाद जिंकायला समोर कुणीतरी हरणारं लागतं.

लिहिता लिहिता दार वाजलं. सासूबाई भिंत चाचपत, हातात पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या. पेला लांबून सरकवला नाही, माझ्या हातात दिला. मग खाली बसल्या, उंबरठ्यावर. म्हणाल्या, ‘मीही दोन वर्षं बोलले नव्हते. तुझे सासरे गावभर सांगायचे, बायको शहाणी झाली.’

मी पेला खाली ठेवला.

‘थोरली विहिरीवर उभी होती ना, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण मी आपली बाधा बाधा करत बसले. मला दुसरा शब्द माहीत नव्हता गं. ती दिवा सांभाळायला धावली तेव्हा कळलं की तुम्हा पोरींनी काढलाय काहीतरी मार्ग. म्हटलं, काढू देत. आमच्या वेळी कुणी काढला नाही.’

मग त्यांनी हात पुढं केला. चाचपत चाचपत तो माझ्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. बाजूला बसलेल्या बाईच्या डोक्यावर, वहिनी, आपल्या सासूबाईंचा हात. मग भिंतीला धरून उठल्या, आणि तशाच, अंघोळ न करता, देवघरात जाऊन त्यांनी तुमच्या दिव्याची वात पुढं सारली.